‘एस’ या अक्षरापाशी

भारतीय सैन्यात जवानाची तब्येत ‘शेप’ (SHAPE) या पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात. त्यातलं पहिलं अक्षर ‘एस’, म्हणजे मन. त्याच्यापुढे १ असेल तर जवान मनाने पूर्ण तंदुरुस्त. २ किंवा ३ आला, तर तो कमी श्रेणीत जातो.

पण श्रेणी घसरली म्हणजे नोकरी गेली, असं मुळीच नाही. ती आधी बहुधा तात्पुरती असते. उपचार होतात, ठरलेल्या मुदतीने पुन्हा वैद्यकीय बोर्ड बसतं आणि श्रेणी सुधारूही शकते. वर्दी अंगावर असते तेव्हाच परतीचा हा रस्ता सर्वांत मोकळा असतो. म्हणून झोप उडाली, हात थरथरू लागले, तर लपवू नका हो!

‘इनव्हॅलिड आउट’, म्हणजे वैद्यकीय कारणाने सेवेतून बाहेर होऊन घरी आल्यावर मात्र पुन्हा भरती होणं फार अवघड. माजी सैनिकांना घेणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोरमध्येही वैद्यकीय तपासणी चुकत नाही.

तरी सेवेच्या कागदपत्रांची ट्रंक बंद करून ठेवू नका. स्किझोफ्रेनियाचा शेरा मारून १९७७ मध्ये घरी पाठवलेल्या एका जवानाची सुप्रीम कोर्टाने २०१३ मध्ये नव्याने वैद्यकीय फेरतपासणी करायला लावली. प्रश्न अपंगत्व पेन्शनचा होता. अशी दाद सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे मागता येते, त्याचं खंडपीठ मुंबईतही आहे. डिस्चार्ज बुक आणि बोर्डाचे कागद घेऊन आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा.

आणि मन फारच जड झालं, तर ‘टेलिमानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा: १४४१६.