मुलगा येरवड्याहून घरी आला तेव्हा

लावणीची घाई आहे, कंबर धरली असेल. हातातलं काम चालू ठेवा आणि ऐका.

आमच्या एका गटात एक ताई आहेत. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. आपला मावळ लहान आहे, ओळखायला वेळ लागत नाही. त्यांचा मुलगा हायवेवरच्या ढाब्यावर कामाला होता. तिथे आधी पावडर ओढायला शिकला, मग सुई टोचून घ्यायला. पकडला गेला. सात महिने येरवड्याच्या तुरुंगात काढले आणि जामिनावर घरी आला. त्या महिन्याच्या मीटिंगला चहा मी वाटत होते. सगळ्यांना स्टीलचे पेले दिले, ताईंना कागदी कप दिला. त्या काही बोलल्या नाहीत. चहाही प्यायल्या नाहीत.

हे आधीच सांगून टाकते. बीए झालेली बाई मी, गटाच्या वह्या तपासते, पण रोग कशाने होतो आणि कशाने नाही हे मला धड माहीत नव्हतं. नंतर आरोग्य केंद्रातल्या सिस्टरांपाशी बसून समजून घेतलं. तेच आज सांगते.

एकाने टोचलेली सुई दुसऱ्याने टोचली की आत राहिलेलं रक्त दुसऱ्याच्या अंगात जातं. डोळ्यांना दिसणार नाही एवढं रक्तही पुरतं. त्यातून तीन आजार जातात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि हिपॅटायटिस सी. शेवटचे दोन यकृताचे. आपण त्यांना ढोबळपणे कावीळच म्हणतो. पण पुष्कळदा डोळे पिवळे होतच नाहीत. माणूस वर्षानुवर्षं धडधाकट दिसतो आणि आत यकृत खराब होत राहतं. एचआयव्हीपेक्षा हिपॅटायटिस सी सुईतून जास्त सहज पसरतो.

मग तुरुंगाचा यात काय संबंध? आत सुई मिळणं फार अवघड. म्हणून जिथे चोरून मिळते तिथे एकच सुई अनेकांत फिरते. दाढीचं ब्लेड फिरतं, गोंदण्याची सुई फिरते. सरकारच्या २०२१ च्या पाहणीत देशातल्या मोठ्या माणसांत हजारी दोन जणांना एचआयव्ही होता, तुरुंगातल्या लोकांत हजारी एकोणीस जणांना आणि सुईने नशा करणाऱ्यांत हजारी नव्वद जणांना. २०१८ मध्ये अनेक देशांतले अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. नुकताच तुरुंगात जाऊन आलेल्या, सुई घेणाऱ्या माणसाला एचआयव्ही होण्याचा धोका ८१ टक्क्यांनी आणि हिपॅटायटिस सी होण्याचा ६२ टक्क्यांनी जास्त दिसला. ‘नुकताच’ हा शब्द लक्षात ठेवा. म्हणजे धोका आत असताना तर असतोच, पण बाहेर आल्यावरचे दिवसही वाईट. काम नाही, गावात कोणी बोलत नाही, जुने मित्र तेवढे वाट बघत असतात.

अजून एक, आणि हे जिवावरचं आहे. गर्द घेणारा काही महिने त्याशिवाय राहिला की शरीराची सवय मोडते. बाहेर येऊन तो पूर्वीइतकंच घेतो आणि श्वास थांबून मरतो. पहिले काही आठवडे मुलाला एकटं सोडू नका. पाळत ठेवा असं म्हणत नाही, सोबत ठेवा.

आपल्याकडे कुठे असली नशा, असं कोणी म्हणेल. २०२४ च्या फेब्रुवारीत दौंडजवळच्या कुरकुंभच्या कारखान्यात मेफेड्रोनचा केवढा साठा सापडला ते पेपरात आलं होतं. आणि पुणे-पिंपरीत पोलिसांनी ऑपरेशनच्या वेळी रक्तदाब वाढवायला वापरतात त्या इंजेक्शनच्या बाटल्या पकडल्या. जिममध्ये जाणारी पोरं ताकदीसाठी म्हणून ती टोचतात. त्यांना कोणी गर्दुल्ला म्हणत नाही, त्यांना स्वतःलाही तसं वाटत नाही. पण एक सुई चौघांत फिरली तर रोगाला काय कळतं?

आता ताईंच्या मुलाचं. घरी आल्यावर महिन्याभरात त्याचे डोळे पिवळे झाले. ताई त्याला आधी कावीळ उतरवायला घेऊन गेल्या. हाताला चुना लावून पाणी पिवळं झालेलं दाखवतात ते. आपल्यातल्या निम्म्या बायकांनी हे केलंय, मीही माझ्या भावासाठी केलंय. काही काविळी आपोआप बऱ्या होतात, त्याचं श्रेय त्या पाण्याला जातं. बी आणि सी पाण्याने उतरत नाहीत.

पुण्याला खेपा घालायच्या म्हणून ताईंनी गटाकडे तीन हजार मागितले. दोघी-तिघी म्हणाल्या, नशेबाजाला आपल्या बचतीतले पैसे कशाला? बराच वेळ वाद झाला. शेवटी एक आजी म्हणाल्या, मागच्या वर्षी म्हशीच्या औषधाला दिले की नाही? दिले. वहीत ‘औषधोपचार’ असं लिहिलं.

तपासणी निघाली फुकट. सरकारी दवाखान्यात आयसीटीसी केंद्र असतं, तिथे एचआयव्हीची तपासणी मोफत होते आणि नाव बाहेर जात नाही. हिपॅटायटिस बी आणि सीची तपासणी वेगळी, ती नाव घेऊन मागायची. सरकारच्या हिपॅटायटिस कार्यक्रमात २०१८ पासून तीही मोफत आहे. मुलाला हिपॅटायटिस सी निघाला. त्यावर बहुतेकांना बारा आठवडे गोळ्या घ्याव्या लागतात आणि शंभरातले नव्वदहून जास्त लोक पूर्ण बरे होतात. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्या मटकन खाली बसल्या. त्या तर आशा सोडून आल्या होत्या. हिपॅटायटिस बीला लस आहे, घरातल्या सगळ्यांनी तीन डोस घ्यावेत. एचआयव्ही पूर्ण जात नाही, पण रोजच्या गोळीने माणूस कामधंदा करत जगतो. ससून आणि पिंपरीच्या वायसीएममध्ये एआरटी केंद्र आहे. तुरुंगात गोळ्या चालू असतील तर सुटताना तिथला कागद मागून घ्या. जामीन अचानक होतो, गोळ्या आत राहतात आणि उपचारात खंड पडतो.

घरात काय करायचं? ताट, पेला, अंथरूण, संडास, काही वेगळं करायचं नाही. ब्लेड, टूथब्रश आणि नेलकटर मात्र ज्याचं त्याचं. लग्न झालेलं असेल तर बायकोचीही तपासणी आणि निरोध. कुठे वापरलेली सुई सापडली तर टोपण लावायला जाऊ नका, जाड डब्यात टाकून दवाखान्यात द्या. टोचलीच तर साबणाने धुऊन लगेच दवाखाना गाठा. एचआयव्ही टाळायचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करावं लागतं, जितकं लवकर तितकं बरं.

व्यसनाचाही उपचार होतो. तुरुंग येरवड्यात, आणि अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं मुक्तांगणही येरवड्यातच. दोन्हींत अंतर थोडं, पण घरच्यांना ते कापायला वर्षं लागतात. गर्द सोडणाऱ्यांना जिभेखाली ठेवायची गोळी सरकारी केंद्रांत देतात, तिने सुईची गरज उरत नाही. दिल्लीच्या तिहार तुरुंगात ती आतही दिली गेली आहे. कायद्यातही वाट आहे. अंमली पदार्थ कायद्याच्या कलम ६४ अ प्रमाणे, स्वतःच्या नशेच्या किंवा थोड्या मालाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस आपणहून उपचाराला तयार झाला तर खटल्यातून सूट मागता येते. वकिलाला हे जरूर विचारा. वकील परवडत नसेल तर वडगावच्या कोर्टात विधी सेवा समितीकडे मोफत मिळतो.

फोन नंबर लिहून घ्या. एचआयव्हीसाठी १०९७, व्यसनासाठी १४४४६. दोन्ही मोफत.

ताईंच्या मुलाची एचआयव्हीची पहिली तपासणी निर्दोष आली. पण शेवटची सुई घेतल्यावर तीन महिन्यांनी ती पुन्हा करावी लागते, त्याआधी खात्री नाही. ती तारीख पोळ्याच्या आसपास येते. ताईंना एकटीने जायचा धीर होत नाही, आणि मुलाचे वडील बोलत नाहीत त्याच्याशी. मी रजा टाकली आहे.