काळ्या पडद्यावरचें तांबडें अक्षर

यवतमाळच्या किंवा पुसदच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत संगणकशास्त्र शिकणारी एखादी मुलगी दिवाळीच्या सुट्टींत घरीं येते आणि आपला संगणक उघडून ओसरीवर बसते, तेव्हां घरांतील वडील मंडळींस एक गोष्ट चमत्कारिक वाटते. ज्या यंत्रावर चित्रें आणि रंगीबेरंगी चिन्हें दिसावयाचीं, त्यावर ती एक काळी चौकट काढून बसलेली असते. चौकटींत डाव्या हातास एक लहानशी ओळ, ओळीच्या शेवटीं डॉलरचें चिन्ह, आणि त्यापुढें लुकलुकणारा एक ठोकळा. याखेरीज दुसरें कांहीं नाहीं. "यंत्र बिघडलें काय ग?" असें आजोबा विचारतात. "बिघडलें नाहीं, आजोबा, हुकमाची वाट पाहत आहे," असें उत्तर मिळतें.

उत्तर अगदीं यथार्थ आहे. हुकमाची वाट पाहणाऱ्या त्या कार्यक्रमास 'शेल' असें म्हणतात. शेल म्हणजे कवच. नारळांत खोबरें आंत आणि करवंटी बाहेर, तसा संगणकाचा कारभार चालविणारा मूळ गाभा आंत असतो व हें कवच बाहेर असतें. मनुष्यानें अक्षरें टंकून आज्ञा द्यावी, शेलनें ती वाचून गाभ्याकडून काम करून घ्यावें, उत्तर पडद्यावर मांडावें आणि पुन्हां ती ओळ दाखवून पुढील आज्ञेची वाट पाहावी, असा हा क्रम आहे. त्या ओळीस इंग्रजींत 'प्रॉम्प्ट' म्हणतात; आपण तिला सूचक म्हटलें तरी चालेल. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें तयार केलेल्या 'बॉस' नामक लिनक्स-प्रणालींत पडद्यावरील शब्द मराठींत दिसूं शकतात. परंतु या काळ्या चौकटींतील आज्ञा मात्र तेथेंही रोमन लिपींतच टंकाव्या लागतात.

शेल हा कारकून मोठा तत्पर, परंतु त्यास एक विलक्षण खोड आहे. चौकट मिटली कीं तिच्यांत त्याला सांगितलेलीं सारीं वळणें तो साफ विसरतो. सूचकाचा रंग हिरवा ठेव, अमक्या लांबलचक आज्ञेस तमकें टोपणनांव दे, असें त्याला संध्याकाळीं पढवावें, आणि सकाळीं नवी चौकट उघडावी तों तो पुन्हां कोराच. यावर उपाय एकच. कामावर येतांच त्यानें वाचावयाची एक चिठ्ठी लिहून ठेवावी. तो ती प्रत्येक वेळीं इमानानें वाचतो आणि तींत लिहिलेलें पहिल्यानें अमलांत आणतो.

या चिठ्ठीचें नांव उच्चारण्यास थोडें अवघड आहे. 'बॅश' नांवाच्या शेलची चिठ्ठी 'टिंब-बॅश-आरसी' या नांवानें ओळखली जाते. आरंभींच्या टिंबामुळें फाईल नेहमींच्या यादींत दिसत नाहीं, ती मुद्दाम मागावी लागते. 'आरसी' हीं दोन अक्षरें मात्र बरींच जुनीं आहेत. १९६० नंतरच्या कांहीं वर्षांत अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यालयांत लुई पूझां या फ्रेंच गृहस्थानें एका फायलींत लिहिलेल्या आज्ञा ओळीनें पार पाडणारा एक कार्यक्रम रचला. त्याचें नांव 'रनकॉम', म्हणजे 'आज्ञा चालव'. त्याचेंच हें संक्षिप्त रूप. 'शेल' हा शब्दही त्याचाच. पुढें १९६९ सालीं बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनीं युनिक्सचा पाया घातला, १९७९ सालीं स्टीफन बोर्न याचा शेल त्या प्रणालीबरोबर बाहेर पडला, आणि १९८९ सालीं ब्रायन फॉक्स यानें बोर्नच्या नांवावर कोटी करून 'बॅश' रचला. आज लिनक्सच्या बहुतेक यंत्रांवर हाच बॅश हुकमाची वाट पाहत असतो.

चिठ्ठींत काय लिहावें, हा यापुढील प्रश्न. तरुण मंडळी प्रथम रंगांकडे धांव घेतात, आणि वडील मंडळींस तो छांदिष्टपणा वाटतो. कांहीं अंशीं तो असतोही. परंतु रंगाचें खरें काम निराळें आहे, व तें समजण्यास यवतमाळकरांस फार लांब जावयास नको. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी अरुंद रुळांची 'शकुंतला' जेव्हां धांवत असे, तेव्हां गार्डाच्या हातांतील तांबडा बावटा कोणी शोभेची वस्तु मानीत नसे.

त्याच मूर्तिजापूर तालुक्यांतील मुरंबा या गांवीं १९४६ सालीं डॉ. विजय भटकर यांचा जन्म झाला. १९८८ सालीं स्थापन झालेल्या सी-डॅकचे ते पहिले सूत्रधार. १९९१ सालीं 'परम ८०००' हा महासंगणक त्यांच्या नेतृत्वाखालीं सिद्ध झाला. त्याच परंपरेंतील 'परम ब्रह्म' २०१९ सालीं पुण्याच्या आयसर संस्थेंत उभा राहिला. असल्या महासंगणकापुढें कोणी खुर्ची टाकून बसत नाहीं. ज्यास परवानगी मिळाली आहे असा संशोधक आपल्याच टेबलावरील यंत्रावरून, जाळ्याच्या वाटेनें, त्यांत प्रवेश करतो. आणि प्रवेश केल्यावर त्याच्या डोळ्यांपुढें काय येतें? पुन्हां तीच काळी चौकट, तीच ओळ, तेंच डॉलरचें चिन्ह.

येथेंच सारें मर्म आहे. एका पडद्यावर दोन चौकटी उघड्या असतात. एक स्वतःच्या यंत्राची, दुसरी शेंकडों कोसांवरील यंत्राची. दोहोंचें रूप तंतोतंत सारखें. एकींत फाईल पुसली तर आपल्याच सरावाचा कागद जातो; दुसरींत तीच आज्ञा दिली तर दहा माणसांचें वर्षाचें काम जाऊं शकतें. शेल 'आपण कोठें आहांत?' असें विचारीत नाहीं. ज्या चौकटींत आज्ञा आली, त्या यंत्रावर ती तत्काळ पार पडते, आणि पुसलेली वस्तु परत आणण्यास तेथें कचऱ्याची टोपली नसते.

ही भीति कल्पनेंतली नव्हे. जगांतील असंख्य कार्यक्रम-लेखक आपलें लेखन ज्या 'गिटलॅब' नामक संस्थेकडे ठेवतात, तिच्यावर ३१ जानेवारी २०१७ च्या रात्रीं असा प्रसंग गुदरला. तिच्या माहितीच्या भांडाराचीं दोन यंत्रें होतीं. एक मुख्य, दुसरें त्याची सतत होणारी नक्कल. नांवें 'डीबी-वन' आणि 'डीबी-टू', म्हणजे एका आंकड्याचा काय तो फरक. नक्कल नीट चालेना म्हणून एक अभियंता रात्रीं उशिरांपर्यंत झटत होता. दुसऱ्या यंत्रावरील निकामी भांडार पुसून नव्यानें आरंभ करावा अशा विचारानें त्यानें पुसण्याची आज्ञा दिली. ती दिली गेली पहिल्या यंत्रावर. एक-दोन सेकंदांत चूक त्याच्या ध्यानांत आली व त्यानें आज्ञा थांबविली. तेवढ्यांत सुमारें ३०० गिगाबाइटांपैकीं साडेचारच शिल्लक उरलीं होतीं.

राखीव प्रती शोधूं जातां त्या तयारच होत नव्हत्या असें आढळलें. सुदैवानें सहा तासांपूर्वीं अन्य कारणासाठीं घेतलेली एक प्रत हातीं लागली, म्हणून संस्था तरली. लोकांनीं लिहिलेलें मूळ लेखन निराळें ठेवलेलें असल्यामुळें सुरक्षित राहिलें. परंतु मधल्या तासांतील नोंदी कायमच्या गेल्या. संस्थेच्या अंदाजाप्रमाणें सुमारें ५,००० प्रकल्प, ५,००० अभिप्राय आणि ७०० नवीं खातीं यांना त्याची झळ पोंचली. संस्थेनें हें कांहींही लपविलें नाहीं; दुरुस्तीचें काम सर्व जगास पाहूं दिलें, अभियंत्यास दूषण दिलें नाहीं, आणि पुढें करावयाच्या गोष्टींची यादी उघड प्रसिद्ध केली. त्या यादींत राखीव प्रतींच्या व्यवस्थेबरोबर एक लहानसें कलम होतें. सर्व यंत्रांवरील सूचक बदलावा. त्यांत यंत्राचें पूर्ण नांव दिसावें. आणि खऱ्या कामाच्या यंत्राचा रंग तांबडा, चांचणीच्या यंत्राचा पिवळा असावा.

तांबडा रंग असता तर त्या रात्रींचा अनर्थ टळलाच असता, असें म्हणणें धाडसाचें होईल. राखीव प्रती नसणें हा त्याहून कितीतरी मोठा दोष. तथापि थकलेल्या मनुष्याचें डोळे उघडे असले तरी वाचन चालूं नसतें, हें रात्रीं उत्तरपत्रिका तपासणारा कोणताही शिक्षक सांगेल. अशा वेळीं जें काम एका आंकड्यानें होत नाहीं, तें एका रंगानें होतें.

आतां हा रंग उत्पन्न कसा होतो तें पाहूं. शेल रंगाची दौत बाळगीत नाहीं. अक्षरांच्या आधीं तो एक गुप्त संकेत धाडतो. 'एस्केप' नामक अदृश्य अक्षर, मग चौकोनी कंस, मग एक आंकडा, आणि शेवटीं 'एम'. आंकडा ३१ असला तर पुढील अक्षरें तांबडीं, ३२ असला तर हिरवीं, ३३ ला पिवळीं, ३४ ला निळीं. शून्य आला कीं पुन्हां मूळ रंग. हे संकेत १९७० नंतरच्या दशकांत ठरले, आणि १९७८ सालच्या 'व्हीटी-१००' या गाजलेल्या टर्मिनलनें त्या पद्धतीचा प्रसार केला. मौज अशी, कीं त्या टर्मिनलच्या पडद्यास स्वतःला मात्र एकच रंग येत असे. सूचकाचा मजकूर बॅशच्या चिठ्ठींत 'पीएस-वन' या नांवानें लिहावयाचा असतो. त्यांतील प्रत्येक रंगसंकेत उलट्या तिरप्या रेघेसह येणाऱ्या चौकोनी कंसांत बंद करावा लागतो. तें विसरलें तर शेल त्या अदृश्य अक्षरांचीही लांबी मोजतो, आणि लांब आज्ञा टंकतांना ओळ ओळीवर चढून घोंटाळा माजतो. शेवटचा शून्य विसरला तर सूचकाबरोबर पुढील सारा मजकूरही तांबडा होऊन बसतो, आणि सगळेंच तांबडें झाल्यावर त्या तांबड्यास कोण भिणार?

फायलींच्या यादीस रंग देण्याची तजवीज निराळी आहे. तेथें पेटिका निळ्या, चालूं शकणारे कार्यक्रम हिरवे, आवळून बांधलेलीं गाठोडीं तांबडीं, अशी बहुतेक यंत्रांवरील मूळची रीत. काळ्यावर गडद निळें हें डोळ्यांस फार त्रासाचें. चाळिशी लागलेल्या माणसानें तो निळा प्रथम फिका करून घ्यावा. शिवाय कित्येक पुरुषांस तांबडा व हिरवा यांतील भेद जन्मतःच नीट कळत नाहीं. म्हणून रंगाबरोबर यंत्राचें पूर्ण नांवही ठेवण्याचें त्या यादींतील कलम शहाणपणाचें होतें.

चिठ्ठी वाचण्याच्या वेळेसंबंधींही एक खांच आहे, आणि नवशिके बहुधा तिच्यांतच अडकतात. टेबलावरील यंत्रांत साधी चौकट उघडली तर बॅश 'टिंब-बॅश-आरसी' वाचतो. परंतु दूरच्या यंत्रांत नांव व परवलीचा शब्द देऊन प्रवेश केला, तर तो प्रथम सर्वांसाठीं असलेली समाईक चिठ्ठी आणि मग 'टिंब-बॅश-प्रोफाईल' नांवाची दुसरी चिठ्ठी वाचतो. ती नसेल तर 'टिंब-प्रोफाईल'. पहिली चिठ्ठी तो आपण होऊन पाहत नाहीं. म्हणून या दुसऱ्या चिठ्ठींत 'पहिलीही वाच' अशी एक ओळ असावी लागते. पुष्कळ यंत्रांवर ती आधींच लिहिलेली असते. जेथें नसते, तेथें घरीं दिसणारा रंग नेमका दूरच्या यंत्रावर, म्हणजे जेथें त्याची गरज अधिक तेथेंच, दिसत नाहीं. याच्या उलटही एक चूक होते. स्वागताचें एखादें वाक्य हौसेनें 'टिंब-बॅश-आरसी'त छापावयास सांगावें, आणि मग फायली पाठविण्याचें काम अडावें. कारण मनुष्य समोर नसतां दोन यंत्रें परस्पर बोलतात तेव्हांही ती चिठ्ठी वाचली जाते, व तें वाक्य त्यांच्या संभाषणांत मध्येंच जाऊन पडतें. स्वागत, रंग वगैरे गोष्टी 'समोर मनुष्य असेल तरच' या अटीखालीं लिहाव्या.

पुसण्याच्या आज्ञेस 'विचारून पूस' असें वळण लावणारें टोपणनांव पुष्कळ लोक चिठ्ठींत घालतात. त्याविषयीं जाणत्यांत मतभेद आहे. हात त्या प्रश्नास संवकतो, आणि जेथें तें टोपणनांव नाहीं अशा यंत्रावर तोच हात निर्धास्तपणें पुसून मोकळा होतो. त्यापेक्षां पुसण्यापूर्वीं यादी काढून पाहण्याची संवय अधिक भरंवशाची.

सुट्टींत घरीं आलेल्या त्या मुलीस चिठ्ठी बदलावयाची असेल, तर प्रथम तिनें जुन्या चिठ्ठीची एक नक्कल निराळ्या नांवानें ठेवावी. मग बदल करून, जुनी चौकट तशीच उघडी ठेवून, शेजारीं दुसरी नवी चौकट उघडावी. दूरचें यंत्र असेल तर त्यांत दुसऱ्यानें प्रवेश करून पाहावा. चिठ्ठींत एखादें अवतरणचिन्ह चुकलें असेल तर तें नव्या चौकटींत लागलीच कळतें, आणि जुनींतून तें सुधारतां येतें. नव्या चौकटींत यंत्राचें पूर्ण नांव ठरविलेल्या रंगांत उमटलें, एक लांबलचक ओळ टंकून पाहिली, ती नीट दुमडली, म्हणजे मग जुनी चौकट मिटावी.