भवसागर आणि बंदर

नांदेडला गोदावरी आहे, लातूर जिल्ह्यात मांजरा आहे. समुद्र कुठेच नाही. तरी आम्ही तो पाहण्याआधी ऐकला. कीर्तनात ‘भवसागर’, कव्वालीत ‘बेडा पार’. दोन्हीकडे समुद्र तरून जायचा. पैलतीर ठरलेला, नावाडीही ठरलेला.

मर्ढेकरांनी अभंग-ओवीचे संतांचे छंद यंत्रयुगाच्या वेदनेसाठी वापरले. त्यांचा ‘काही कविता’ हा संग्रह १९४७ चा. त्यांच्या एका कवितेत माघातल्या पहाटे मुंबईचे बंदर उजळते. ते खरे बंदर आहे. तिथून पैलतीराला नाव सुटत नाही. तरी देवाला हाक मारणे त्यांनी सोडले नाही. नावाडी दिसेना, पण हाक उरली. नवकवितेतली धार्मिकता मला या हाकेत सापडते.

‘तुम्ही मुसलमान, मग कवितेत विठ्ठल कसा?’ असे मला विचारतात. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीतच लिहिला. प्रतिमा भाषेकडून मिळते. कवीने ती आपल्या गावच्या पाण्याने भरायची. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. त्या उन्हाळ्यात माझ्या कवितेत ‘सागर’ आला. त्याच्याकडे मी घागरभर पाणी मागितले.