क्रियापद शेवटी

शाळेत नोकरीला लागलो तेव्हा बी.ए.ची पदवी, थोड्या कविता आणि खणखणीत आवाज एवढंच माझं भांडवल होतं. त्या आवाजामुळेच असेल, पहिलीच्या वर्गाचा खेळाचा तास माझ्याकडे आला. पहिल्याच आठवड्यात मैदानात उभा राहून मी ओरडलो, ‘‘पळा रे, त्या भिंतीला हात लावून परत या, आणि कुणाला ढकलू नका!’’

‘पळा’ कानावर पडताच पोरं सुटली. पुढचं कुणी ऐकलंच नाही. भिंतीपाशी पोचलेली मुलं परत फिरली ती मागून येणाऱ्यांवर आदळली. एका मुलीचा ओठ फुटला. मी सगळ्यांवर डाफरलो, ‘‘सांगितलेलं ऐकत का नाही?’’ ती रडत रडत म्हणाली, ‘‘सर, तुम्हीच पळा म्हणालात ना!’’

तिचं म्हणणं खरं होतं. चूक पोरांची नव्हती, माझ्या वाक्याची होती. मराठीत क्रियापद शेवटी येतं. घाईत मी ते उचलून आधी ठेवलं होतं. सहा वर्षांचं मूल क्रियापद ऐकतं आणि निघतं.

कवायतीचा हुकूम आठवून पाहा. ‘दाहिने...’ म्हणून शिक्षक थांबतात, मग म्हणतात, ‘मूड!’ आधी दिशा, शेवटी कृती, आणि मधे कवितेतल्या यतीसारखा थांबा. त्या थांब्यातच मूल तयार होतं. आपल्या खो-खोत तर पाठीला हात लागतो आणि कानावर एकच अक्षर पडतं. ते मिळाल्याशिवाय उठायचं नाही, हे बसलेल्याला पक्कं ठाऊक असतं.

मग मीही रीत बदलली. बोलण्याआधी मुलांना बसवायचं. ऊन माझ्या तोंडावर, त्यांच्या पाठीवर. भिंतीच्या बऱ्याच अलीकडे फक्कीची रेघ. पळायचं पाच-पाच जणांनी, प्रत्येकानं आपापल्या पट्ट्यातून. ‘ढकलू नका’ याऐवजी ‘आपल्याच पट्ट्यात राहा’, कारण ‘नका’ म्हटल्यावर काय करायचं ते मुलाला कळत नाही. एकदा स्वतः करून दाखवायचं, तेही मुलांकडे पाठ करून. समोरासमोर उभं राहिलं की आपला उजवा हात त्यांच्या डावीकडे येतो. मग एखाद्याला विचारायचं, ‘‘सांग, काय करायचं?’’ त्याला सांगता आलं नाही, तर मी पुन्हा सांगायचं. रागावायचं नाही.

ओठ बरा झाल्यावर त्या मुलीला मी हुकूम द्यायला उभं केलं. ती म्हणाली, ‘‘रेघेपर्यंत जाऊन... आपापल्या पट्ट्यातून परत...’’ आणि थांबली. पाचही जण श्वास रोखून तिच्याकडे बघत होते.

‘‘पळा!’’

त्या दिवशी कुणी कुणावर आदळलं नाही.