लेखिकेच्या कादंबरीत तिचे लेखन कुठे आहे?



भूममधल्या या साहित्य मेळाव्याच्या अध्यक्षपदावरून आज एकाच प्रश्नाचा विचार मला तुमच्यापुढे मांडायचा आहे. एखाद्या थोर लेखिकेच्या खडतर आयुष्यावर ऐतिहासिक कादंबरी लिहायची, तर तिचा कणा कोणता असावा? बहुतेकदा तो दुःखाचा असतो: बालविवाह, वैधव्य, समाजाचा बहिष्कार, जिवलगांचे मृत्यू. हे सारे खरेच असते. पण असे भोग त्या काळात असंख्य बायकांच्या वाट्याला आले आणि त्यांतल्या मोजक्याच लिहित्या झाल्या. म्हणून माझे ठाम मत आहे, की लेखिकेवरच्या कादंबरीत कथानक पुढे नेणारी शक्ती तिचे लेखनच असले पाहिजे.

पंडिता रमाबाईंचेच पाहा. १८७४ च्या दुष्काळात आईवडील गेले, १८८० साली भाऊ गेला, १८८२ साली पती गेले. केवळ हे मृत्यू मांडत गेलो, तर कादंबरी करुण होईल, पण रमाबाई तिच्यात सापडणार नाहीत. कारण त्याच १८८२ साली त्यांचे ‘स्त्रीधर्मनीति’ प्रसिद्ध झाले आणि त्याच्या विक्रीतून विलायतेच्या प्रवासाला पैसा उभा राहिला. उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे त्यांचे इंग्रजी पुस्तक १८८७ मध्ये अमेरिकेत निघाले आणि त्याने १८८९ च्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेला हातभार लावला. म्हणजे त्यांच्या आयुष्याची वळणे पुस्तकांनी घडवली. विलायतेत ख्रिस्ती धर्माचा बाप्तिस्मा घेतल्यानंतर सिस्टर जेराल्डीन या तिथल्या जोगिणीशी त्यांनी पत्रांतून कडाक्याचे वाद घातले. क्रुसावरची अक्षरे लॅटिनच का, आपली संस्कृत का नको, असा त्यांचा रोखठोक सवाल होता. हा एक प्रसंग नीट उभा केला, तरी धर्म बदलूनही बुद्धी गहाण न टाकणारी बाई वाचकाला भेटेल.

यावर कोणी म्हणेल, रमाबाईंची पत्रे तरी उरली. जिच्याविषयी कागदच नाहीत, तिचे काय? बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांच्याविषयी फार थोडी माहिती हाती लागते. विजयालक्ष्मी या सुरतेकडच्या विधवेला अर्भकहत्येच्या खटल्यात शिक्षा झाली, त्या संतापातून १८८२ साली ताराबाईंनी ‘स्त्री पुरुष तुलना’ लिहिले. १८८५ मध्ये जोतीराव फुल्यांनी आपल्या ‘सत्सार’ या प्रकाशनात त्यांची बाजू घेतली. पुढे हे पुस्तक विस्मरणात गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा उजेडात आणले. या पुस्तकाखेरीज ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याकडे नाही. या मौनात कल्पनेला जागा आहे, हे मला मान्य आहे. खटल्याची बातमी घरात कशी पोचली असेल, पहिले वाक्य लिहिताना हात थरथरला असेल का, हे कादंबरीकाराने जरूर रंगवावे. पण पुस्तकातले तिचे मत बोथट करू नये आणि रागाचे कारण म्हणून एखादा प्रेमभंग शोधून काढू नये. आपल्या भूमच्या खव्यासारखेच हे आहे: दूध कितीही आटवा, पण पीठ मिसळले की तो खवा राहत नाही.

दुसरा आक्षेप असा, की वाचकाला गोष्ट हवी असते, ग्रंथसूची नको. श्री. ज. जोशी यांच्या ‘आनंदी गोपाळ’ या कादंबरीने डॉ. आनंदीबाई जोशी घराघरांत नेल्या, हे ऋण मराठी वाचक विसरणार नाही. पण आनंदीबाईंचे कर्तृत्व वैद्यकातले. लेखिकेचे कर्तृत्व तिच्या वाक्यांत असते. ती वाक्ये सुचताना, खोडताना, छापून येताना आणि त्यांची किंमत मोजताना जो ताण असतो, त्याहून मोठे नाट्य कादंबरीला कुठे मिळणार?

मराठवाड्यातल्या तरुण कादंबरीकारांना माझे आवाहन आहे: आधी तिची पुस्तके वाचा, मग तिच्या दुःखाला हात घाला. आणि समीक्षकांनी, पारितोषिकांच्या परीक्षकांनी अशा प्रत्येक कादंबरीला पहिला प्रश्न हाच विचारावा: ही बाई लेखिका नसती, तरी ही कादंबरी अशीच लिहिता आली असती का? उत्तर ‘हो’ असेल, तर ती पुन्हा लिहायला हवी.