गाडीवाटेवरील रोजनिशा
(ज्ञातिसंमेलनात दिलेल्या भाषणावरून)



आम्ही आयुष्यभर मुलांस इतिहास शिकविला. त्यात सनावळ्या पुष्कळ होत्या. पण प्रवासात माणसे चूल कशावर पेटवीत, हे त्यात नव्हते. ते आम्हांस निवृत्तीनंतर, अमेरिकेच्या पश्चिम सरहद्दीवरील वाटसरूंच्या रोजनिशांमुळे कळले.

१८४० नंतर मिसुरी नदीपासून ऑरेगनपर्यंतच्या सुमारे २,००० मैलांच्या वाटेने कुटुंबेच्या कुटुंबे गाड्या जोडून निघाली. चार ते सहा महिने लागत. घोड्यापेक्षा बैल पसंत करीत. तो स्वस्त, चिवट आणि मिळेल त्या गवतावर राहणारा, हे आपणांस सांगावयास नकोच. गाडी सामानाने भरलेली, म्हणून बहुतेक जण पायीच चालत. सकाळी दूध भांड्यात घालून गाडीस टांगले की हिसक्यांनी सायंकाळपर्यंत लोणी येई. माळावर सरपण नाही, तेव्हा बायसन नामक रानगुरांचे वाळके शेण जाळीत. हे ऐकून आमच्या घरातील मंडळी म्हणाल्या, "म्हणजे त्याही रानशेण्याच वेचीत होत्या!"

मृत्यू बहुतेक पटकीने, चाकाखाली सापडून वा नदीत बुडून झाले, हल्ल्यांनी थोडे. उलट, ज्यांचा तो मुलूख, त्या मूळ रहिवाशांनी कित्येकांस नदीपार केले. त्यांची बाजू मात्र या वह्यांत फारशी नाही.

अमेलिया नाइट ही बाई १८५३ साली आयोवाहून पती व सात मुलांसह निघाली. वहीत पाऊस, चिखल, मेलेली गुरे. एके दिवशी लूसी ही मुलगी मागेच राहिली. काही मैल जाईपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नाही. मागच्या तांड्याने तिला आणून पोहोचविले. आपण गरोदर आहोत हे बाईने उघडपणे लिहिले नाही. वाट सरत आली असता रस्त्याकडेला आठवे मूल जन्मले, तेव्हा वाचकास उमगते. पुढे १० मे १८६९ रोजी रेल्वेचे रूळ जुळले व महिन्यांचा प्रवास आठवड्यावर आला.

आता आमचा अपराध. आमचे आजोबा घाटातून कोकणात गाडी घालीत. भाडे, पेंड, नालबंदी यांची त्यांची मोडी वही आमच्या घरी होती. वाचता येईना, म्हणून आम्ही ती रद्दीत घातली. आणि आम्ही इतिहासाचे मास्तर! ज्ञातीच्या वंशावळीत आजोबांचे नाव आहे, पण ते कोणत्या घाटाने उतरत, हे आज सांगणारे कोणी उरले नाही.

मोडी जाणणारे एक सभासद दर रविवारी सकाळी मंडळाच्या कचेरीत बसतात. ज्यांच्या माळ्यावर अशी वही असेल त्यांनी ती दाखवावी. नक्कल करून मूळ वही त्याच दिवशी परत मिळेल.