साखरेचे पचन आणि प्रतिपिंडांची साक्ष



रुग्णसेवेच्या वृत्तांताबरोबरच, त्या सेवेला आधार देणाऱ्या एका संशोधनाचा परिचय आम्ही आज आपणास करून देऊ इच्छितो.

आपण खातो ती साखर तशीच रक्तात जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरावरील सुक्रेज-आयसोमाल्टेज हे विकर तिचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे विभाजन करते. जन्मतःच हे विकर अपुरे असेल, तर न पचलेली साखर मोठ्या आतड्यात उतरते; ती पाणी ओढून घेते, जिवाणू ती आंबवतात आणि बालकास जुलाब व पोटफुगी जडते. मातेच्या दुधात ही साखर नसते. म्हणून हा विकार बहुधा वरचे अन्न सुरू झाल्यावरच प्रकटतो.

१९७५ साली कोहलर व मिलस्टाइन यांनी एकच लक्ष्य ओळखणारी प्रतिपिंडे हवी तितकी निर्माण करण्याची पद्धत सिद्ध केली. १९८४ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. आतड्याच्या इवल्याशा तुकड्यातील असंख्य प्रथिनांतून नेमके हे विकर वेचून काढणे अशा प्रतिपिंडांमुळे शक्य झाले. हे विकर प्रथम एकाच अखंड साखळीच्या रूपात घडते. ते पेशीच्या पृष्ठभागावर आले, की स्वादुपिंडातील ट्रिप्सिन त्याचे दोन उपघटक करते. तरीही ते विलग होत नाहीत: आयसोमाल्टेज पेशीपटलात रुतलेले असते व सुक्रेज त्याला बिलगून राहते.

१९८० च्या दशकात रुग्णांच्या ऊतींची अशी तपासणी झाली, तेव्हा काहींमध्ये विकर पेशीच्या आतच अडकलेले आढळले, तर काहींमध्ये ते पृष्ठभागी पोहोचूनही निष्क्रिय होते. लक्षणे सारखी, दोष मात्र निराळे.

हा विकार विरळा आहे आणि आहारातील साखरेवर नियंत्रण हा त्यावरील मुख्य उपाय होय. यीस्टपासून मिळवलेल्या सॅक्रोसिडेज या पर्यायी विकरास १९९८ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. पालकांनी एक भेद मात्र ध्यानी ठेवावा: जलसंजीवनीच्या पाकिटात ग्लुकोज असते, तर घरगुती साखर-मिठाच्या पाण्यात साखर. इतर बालकांना हे पाणी उपकारक ठरते. पण या विकाराच्या बालकाचे जुलाब त्याने वाढू शकतात. वरचे अन्न सुरू झाल्यापासून जुलाब थांबत नसतील, तर वैद्यकीय सल्ला अवश्य घ्यावा.

प्रयोगशाळेतील ज्ञान अशा बालकाच्या खाटेपर्यंत पोहोचते, ते आपल्यासारख्यांच्या दातृत्वामुळे.